पंधरा की पन्नास? लांब इंग्रजी शब्द फोडायला शिकूया



या आठवड्याच्या व्हिडिओत मी 'डिप्रिसिएशन' म्हणताना अडखळलो, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. तो भाग मी कापला नाही. दुकानदाराची जीभ इंग्रजी शब्दावर अडखळते, हे लपवण्यासारखं काही नाही. पण अडखळणं कधी कधी महाग पडतं, म्हणून आज पूर्ण धडा त्याच्यावरच. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी फजिती. माझं दुकान इगतपुरीत स्टेशनच्या रस्त्याला. आमच्याकडे पाऊस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. जूनच्या तोंडावर छत्र्या, रेनकोट, प्लास्टिकचे कागद, हाच आमचा दिवाळीचा सीझन. एका वर्षी मी मुंबईच्या एका होलसेलरला फोन लावला. नेहमीचे शेठ नव्हते, ऑफिसात नवा मुलगा होता आणि तो सगळं इंग्रजीत बोलत होता. मग मीही बीबीए झालेला माणूस, मागे कसा राहीन? रेनकोटची ऑर्डर दिली, 'फिफ्टीन बॉक्स'. चार दिवसांनी टेम्पो दारात उभा. खोकी उतरायला लागली, ती संपेचनात. पंधराऐवजी पन्नास आली होती.

एका खोक्यात चोवीस रेनकोट, एक रेनकोट १८० रुपयांना. म्हणजे एक खोकं ४,३२० रुपयांचं. माझा हिशोब होता ६४,८०० चा, हातात बिल पडलं २,१६,००० चं. माल परत घेत नाही, हे बिलावरच छापलेलं. १,५१,२०० रुपये खोक्यांत अडकले. त्यातली वीस खोकी घोटी आणि त्र्यंबकच्या ओळखीच्या दुकानदारांना खरेदीच्या भावात दिली, उरलेला माल पुढच्या पावसापर्यंत माळ्यावर. आमचे अण्णा एवढंच म्हणाले, "सरळ पंधरा म्हणाला असतास, तर जीभ झिजली असती का?"

आता चूक कुठे झाली ते बघा. त्या मुलाचे कान खराब नव्हते आणि मला आकडा माहीत नव्हता असंही नाही. इंग्रजीत 'फिफ्टी' म्हणताना जोर पहिल्या तुकड्यावर, 'फिफ'वर असतो. 'फिफ्टीन' एकटं म्हणताना जोर मागे जातो, 'टीन'वर, आणि तो 'टीन' चांगला लांबतो. मी म्हणालो 'फिफ्टिन', म्हणजे जोर पुढे, 'टिन' आखूड, आणि शेवटचा न फोनच्या खरखरीत गेला. उरलं काय? फिफ्टी. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, अगदी नाइंटीन-नाइंटीपर्यंत हीच गोम आहे. त्यात आणखी एक भानगड अशी की आकड्याच्या पुढे लगेच वस्तूचं नाव आलं, की इंग्रजी बोलणारेसुद्धा बऱ्याचदा जोर पुढे सरकवतात. म्हणजे 'फिफ्टीन बॉक्स' हा प्रकार मुळातच घसरडा. म्हणून माझा आता नियम आहे: फोनवर आकडा सुटा सांगायचा. वन-फाइव्ह, पंधरा. फाइव्ह-झिरो, पन्नास. आणि लगेच मेसेजवर लेखी.

पण हा फक्त आकड्यांचा प्रश्न नाही. आपण इंग्रजी शब्द मराठीसारखा म्हणतो, हे मूळ आहे. मराठीत जोर कुठे द्यायचा यावर शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखी वागणूक देतो. इंग्रजीचं तसं नाही. तिथे लांब शब्दात एक तुकडा मालक असतो, बाकीचे नोकर. मालक लांब आणि ठळक, नोकर तोंडातल्या तोंडात. ऐकणारा मालक शोधत असतो. तो चुकीच्या जागी सापडला, की बाकी सगळं बरोबर असूनही समोरचा म्हणतो, "सॉरी?"

मी पाचवीत असताना, २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमची बॅच मात्र पाचवीतच एबीसीडीला लागलेली. स्पेलिंगं घोकली, व्याकरण घोकलं, पण शब्दाला जोर असतो हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तीच गत असणार. तेव्हा लाज सोडा आणि कामाला लागू.

पहिलं काम, शब्द फोडणं. त्याला इंग्रजीत सिलेबल म्हणतात. तळहात आडवा धरून हनुवटीखाली टेकवा आणि म्हणा, 'इगतपुरी'. हनुवटी किती वेळा खाली आली? लिहिताना अक्षरं पाच आहेत: इ, ग, त, पु, री. पण हनुवटी चारच वेळा येते: इ-गत-पु-री. कसारा तीन वेळा, नाशिक दोन वेळा. म्हणजे डोळ्याला दिसतं ते अक्षर वेगळं आणि तोंडातून निघतो तो तुकडा वेगळा.

हे का सांगतोय? कारण आपण इंग्रजी शब्द मनात देवनागरीत लिहितो आणि मग तसाच फोडतो. 'सर्टिफिकेट' लिहिताना रफार 'टि'च्या डोक्यावर बसतो, म्हणून डोळा म्हणतो स-र्टि-फि-के-ट. तोंड म्हणतं सर-टि-फि-केट, चार तुकडे. 'रजिस्ट्रेशन' चार: रे-जिस-ट्रे-शन. 'मॅन्युफॅक्चरिंग' पाच: मॅ-न्यु-फॅक-च-रिंग. पाच तुकड्यांचा शब्द म्हणजे मोठं काही नाही हो, 'इगतपुरीकर' म्हणताना तुम्ही तेवढेच तुकडे रोज करता.

दुसरं काम, मालक शोधणं. इथे जरा थांबू, कारण खरी कमाई इथे आहे. इंग्रजीत जोर कुठे येईल याचा सगळीकडे चालणारा एक नियम नाही. पण धंद्यातले निम्मे लांब शब्द ज्यांच्यामुळे घाबरवतात, त्या शेपट्या ठरलेल्या आहेत, आणि शेपटी बघून जोर सांगता येतो.

आपल्या घाटाचंच बघा. कसाऱ्याहून वर येताना चढ सदतिसाला एक आहे. म्हणून गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, ती ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. १८६५ साली हा घाट रेल्वेने सुरू झाला, तेव्हापासून या गावाचं पोट या चढावर चाललंय. तर 'शन' ही शेपटी म्हणजे शब्दाचं बँकर. ती मागे लागली, की जोर ढकलत स्वतःच्या बरोबर पुढच्या डब्यात आणून ठेवते. 'अप्लाय'मध्ये जोर 'प्लाय'वर आहे. शन लागलं, ॲ-प्लि-के-शन झालं, जोर 'के'वर. कोटेशनमध्ये 'टे'वर. रजिस्ट्रेशनमध्ये 'ट्रे'वर. डिक्लरेशनमध्ये 'रे'वर. सर्टिफिकेटचा जोर 'टि'वर, पण सर्टिफिकेशन म्हटलं की तो सरकून 'के'वर. आणि माझं ते डिप्रिसिएशन: डि-प्री-शि-ए-शन, जोर 'ए'वर. आधीचे तीन तुकडे भराभर घ्या आणि 'ए'वर उभे राहा. मी पहिल्या 'डि'लाच सगळा दम लावत होतो, म्हणून मध्ये धाप लागायची.

'इटी' आणि 'इक' या शेपट्याही तशाच. लायबिलिटीत जोर 'बि'वर, एलिजिबिलिटीतही 'बि'वर, कपॅसिटीत 'पॅ'वर, इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'वर. इकॉनॉमीचा जोर 'कॉ'वर असतो, इकॉनॉमिक झालं की 'नॉ'वर.

याउलट काही शेपट्या पाहुण्यासारख्या. येतात, बसतात, घरातलं काही हलवत नाहीत. मेंट, शिप, नेस, लेस, इंग, अर. 'मॅनेज'चा जोर 'मॅ'वर, मॅनेजरचाही, मॅनेजमेंटचाही. पार्टनर आणि पार्टनरशिप, दोन्हीकडे 'पार्ट'वर. आणि दोन-चार शेपट्या अशा की मालकी स्वतःकडेच घेतात: इंजिनिअर, एम्प्लॉयी, गॅरंटी. यांत जोर अगदी शेवटी. एंटरप्रेन्युअरही तसाच, फ्रेंचमधून आलेला, जोर शेवटच्या तुकड्यावर. हे वाचून लगेच अपवाद शोधायला निघू नका. 'कमिटी'त जोर मधल्या 'मि'वर आहे, शेवटच्या 'टी'वर नाही. असे अपवाद भेटतील. भेटले की वहीत लिहा आणि पुढे चला.

आता दुकानात रोज लागणारी एक गंमत. काही शब्द वस्तूचं नाव म्हणून आले तर जोर पुढे, आणि काम म्हणून आले तर जोर मागे. रिफंड, रेकॉर्ड, परमिट, एक्सपोर्ट, इम्पोर्ट. 'माझा रिफंड कुठे आहे' यात जोर 'री'वर. 'मला पैसे रिफंड करा' यात 'फंड'वर. चुकलात तर आभाळ कोसळत नाही, पण परदेशी ग्राहकाशी बोलताना फरक जाणवतो. आमच्याकडे धम्मगिरी आहे, १९७६ पासून जगभरातून माणसं विपश्यनेला येतात. दहा दिवसांचं मौन सुटलं की त्यातली काही खाली बाजारात येतात आणि भरभरून बोलतात. मी व्याकरणापेक्षा जास्त त्यांच्याकडूनच शिकलो. एकीने मला 'व्हेजिटेबल' विचारलं, ते मला 'वेज्टबल' असं ऐकू आलं आणि मी काउंटरमागून टेबल शोधायला लागलो. लक्षात ठेवा, व्हेजिटेबलमध्ये टेबल नाही आणि कम्फर्टेबलमध्येही नाही. नोकर तुकडे इतके बारीक होतात की कधी कधी गायबच. खुद्द 'बिझनेस' हा शब्द 'बिझी'ला 'नेस' लागून झाला, पण बोलताना तीनाचे दोनच तुकडे उरले: बिझ-नेस.

तिसरं काम, अर्थाचे भाग. हे तुम्हाला मराठीत आधीच येतं, फक्त तसं कधी बघितलं नसेल. 'दुकानदारी' म्हणजे दुकान, दार आणि ई. 'बेहिशोबी' म्हणजे बे, हिशोब आणि ई. शाळेत उपसर्ग-प्रत्यय म्हणत होतो, तेच. इंग्रजीतले लांब शब्द बहुतेक लॅटिन-फ्रेंच घराण्यातले, त्यांचे सांधे असेच उघडतात. मॅन्युफॅक्चरिंगमध्ये 'मॅन्यु' म्हणजे हात आणि 'फॅक्ट' म्हणजे करणं. हातानं करणं! पापड लाटणारी ताई ही शब्दाच्या मूळ अर्थाने मॅन्युफॅक्चरर आहे, फॅक्टरी असो वा नसो. 'मॅनेज'मध्येही तोच हात आहे. हा शब्द मुळात घोडा हाताळण्यावरून आला. ज्यांच्याकडे चार कामगार आहेत त्यांना हे लगेच पटेल.

डिप्रिसिएशनमध्ये 'डि' म्हणजे खाली आणि मधला भाग किंमतीचा, प्राइस आणि प्रेशस यांचा भाऊबंद. किंमत खाली येणं. मराठीत त्याला 'घसारा' म्हणतात, आणि खरं सांगू, घसारा हा शब्द त्याच्यापेक्षा सरस आहे. मशीन झिजताना दिसतं त्यात. रिइम्बर्समेंट घ्या: 'रि' परत, 'इम' आत, 'बर्स' म्हणजे पैशाची पिशवी, आपली पर्स. पैसे परत पिशवीत येणं. जोर 'बर्स'वर, म्हणजे पिशवीवरच! एकदा असं बघितलं की हा शब्द विसरून दाखवा.

'प्रोप्रायटर' तर आपण पाटीवर 'प्रो. प्रा.' लिहून मोकळे होतो. तो प्रॉपर्टीच्या घरातला आहे, 'स्वतःचं' या अर्थाचा. म्हणजे प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा स्वतःचा, नफा स्वतःचा आणि कर्जही स्वतःचंच. धंदा बुडाला तर वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. याउलट २००८ च्या कायद्याने आलेली लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप बघा. लायबल म्हणजे बांधलेला. किती बांधलेला? लिमिटेड. नावातच अख्खी अट लिहिलेली आहे, शब्द फोडला तर वाचता येते. उद्यम नोंदणी करायला माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जण ऑर्गनायझेशनच्या प्रकारापुढे 'काहीही टाका दादा' म्हणतात. नका म्हणू.

पण सावध. सगळेच सांधे खरे नसतात. 'इनव्हॉइस' फोडून इन आणि व्हॉइस, आतला आवाज, असं काही निघत नाही. तो फ्रेंचमधल्या 'पाठवणे'वरून आलाय, पाठवलेल्या मालाचा कागद. हे चुकलं तर निदान कुणाला इजा तरी होत नाही. 'इन्फ्लेमेबल'चं मात्र तसं नाही. 'इनव्हॅलिड'मध्ये 'इन' म्हणजे नाही, म्हणून लोकांना वाटतं इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं. साफ उलटं! झटकन पेट घेणारं. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्ही एकच. थिनर, स्पिरिट, काही स्प्रे यांच्या डब्यांवर हा शब्द असतो. तुमच्या दुकानातल्या पोऱ्याला आजच सांगा, तो डबा देवाच्या दिव्याजवळ ठेवायचा नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा धडा लिहायला घेतला, तो सांगतो. घोटीजवळच्या एका गावातल्या ताई माझ्या वर्गाला येतात. नाचणीचे आणि तांदळाचे पापड करतात, हाताला चव आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत मशीनसाठी अर्ज केला. २०२० साली सुरू झालेली ही योजना, पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. कर्ज मंजूर झालं. समजावून सांगताना साहेब 'मोरॅटोरियम' म्हणाले. ताईंनी मान डोलावली. त्यांना वाटलं, ही कसली तरी फी असेल, विचारलं तर अडाणी ठरू. सहा महिने हप्ता नाही एवढंच घरी कळलं, आणि त्या निवांत राहिल्या. त्या सहा महिन्यांत व्याज मात्र चालू होतं, ते पुढे मुद्दलाला चिकटलं. हप्ता हातात पडला तेव्हा त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दादा, यांनी मला फसवलं का?"

फसवलं नव्हतं. सगळं कागदावर होतं, एका पाच तुकड्यांच्या शब्दात. मॉ-र-टॉ-रि-यम, जोर 'टॉ'वर, मूळ अर्थ विलंब. हप्त्याला विलंब. व्याजाला माफी नाही.

आता हा शब्द फोडून ताईंना अर्थ लागला असता का? नाही, प्रामाणिकपणे सांगतो. 'मोरा' म्हणजे विलंब हे कुणाला माहीत असतं? पण एक फायदा झाला असता. शब्द तुकड्यांत कानावर पडला असता, तर तो परत म्हणता आला असता. आणि जो शब्द परत म्हणता येतो, तोच विचारता येतो. "साहेब, मोरॅटोरियम म्हणजे काय, मराठीत सांगा." नुसतं "ते मघाशी काहीतरी म्हणालात ते..." असं विचारायला माणूस लाजतो आणि मग मान डोलावतो.

एक प्रश्न हमखास येतो: मग आता गिऱ्हाइकाशीही असंच बोलायचं का? अजिबात नाही. गॅरंटी, सर्टिफिकेट, इंजिनिअर हे शब्द मराठीत येऊन आपले झालेत, आपल्या जोराने म्हणा. आमच्या स्टेशनवरचे जुने कामगार सिग्नलला शिंगल म्हणायचे आणि गाड्या वेळेवर चालवायचे. वाडीवऱ्हेच्या शेतकऱ्याला 'सरटिफिकट' असं तोंड वाकडं करून म्हणालात, तर तो दुसऱ्या दुकानात जाईल. इंग्रजी जोर लागतो तो इंग्रजीतच बोलणाऱ्या माणसाशी: रिसॉर्टचा खरेदी मॅनेजर, बाहेरगावचा सप्लायर, परदेशी पाहुणा. आणि गोऱ्या माणसासारखे उच्चारही नकोत. तुमचा ट, तुमचा व, सगळं मराठीच राहू द्या. फक्त मालक तुकडा त्याच्या जागी बसवा.

गृहपाठ असा. तुमच्या धंद्यातला एक खरा कागद घ्या: कर्जाचं मंजुरीपत्र, परवाना, नाहीतर मालाच्या पाकिटावरचं लेबल. त्यातले तीनच लांब शब्द निवडा. हनुवटीखाली हात ठेवून तुकडे मोजा, शेपटी बघून जोर ठरवा, जोराच्या तुकड्याखाली रेघ मारा, मग मधले सांधे उघडतात का बघा. मोबाइलमधल्या शब्दकोशात उच्चार ऐकून ताडून घ्या. शेवटी शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, माझाही मला ऐकवत नाही.

ताईंनी गेल्या आठवड्यात 'प्रिझर्व्हेटिव्ह' आणला होता. प्रि-झर्व्ह-टिव्ह, तीनच तुकडे झाले म्हणाल्या, एक कुठे गेला? 'झर'वर जोर देऊन परत म्हणायला लावलं: प्रि-झर-व्ह-टिव्ह. सापडला. मग त्यांनीच विचारलं, "पण दादा, माझ्या पापडात हे नसतंच, मग लेबलवर 'नो' लिहून हा शब्द घालू का?" घाला म्हटलं, भाव दहा रुपयांनी वाढवा.

पुढच्या व्हिडिओत लेबलच घेऊ. आणि हो, माळ्यावर रेनकोटचं एक खोकं अजून आहे. मोठ्या मापाचे आहेत, कुणाला हवे असतील तर दुकानावर या.